दिव्याबद्दल तू विचारलंस ते

प्रिय सोनू,

परवा मी समई लावत होते आणि तू जिन्यात बसून बघत होतीस. मग विचारलंस, "आई, तू मनात काही म्हणतेस, की हात नुसते आपोआप चालतात? मनात काहीच नसेल तर ते खोटंच ना?" तू सहज विचारलंस, पण मला लागलं. कारण त्या वेळी माझ्या मनात खरोखरच उद्याच्या डब्याचा विचार चालला होता. "सवय आहे गं," म्हणून मी सुटले. ते उत्तर मलाच पटलेलं नाही, म्हणून हे पत्र.

अलिबागला आजीच्या घरी तिन्हीसांजेच्या दिव्याचं काम दुपारीच सुरू व्हायचं. कापूस पिंजून त्यातले सरकीचे कण वेचायचे. करंगळीएवढी पट्टी ओढायची, बोटांना चिमूटभर राख लावायची म्हणजे कापूस निसटत नाही, आणि तळहातावर हलका पीळ द्यायचा. पीळ घट्ट झाला की तेल वर चढत नाही, वातच जळते आणि काळी पडते. सैल राहिला तर ज्योत मोठी होऊन धूर धरते. संध्याकाळी हातपाय धुवायचे, पण हात कोरडे करूनच तेलाला लागायचं. पाण्याचा एक थेंब गेला तरी वात तडतडते. आदल्या दिवशीची काजळी जुन्या फडक्यानं पुसायची, दोन वाती जोडून तेलात पूर्ण भिजवायच्या आणि टोक तांदळाच्या दाण्याएवढंच बाहेर ठेवायचं. मग शुभं करोति, पाढे, आबांच्या आग्रहामुळे पावकी-निमकी, आणि शेवटी मोठ्यांना नमस्कार.

यात देव किती होता, मला सांगता येणार नाही. पण एवढं नक्की, की दिव्याच्या वेळी घरातलं भांडण थांबायचं. मिटायचं नाही, थांबायचं. आजी आणि मोठी काकू दिवसभर एकमेकींशी बोललेल्या नसल्या, तरी एक तेल घालायची आणि दुसरी काडी ओढायची. मनं तयार नव्हती, हात तयार होते. रोज तेवढी दहा मिनिटं थांबणाऱ्या माणसाला थांबता येऊ लागतं, असं मला वाटतं. ते खोटं असतं असं मला म्हणवत नाही.

आपल्या भाषेत याला तीन शब्द आहेत आणि ते एक नाहीत. सवय कशाचीही लागते, चहाची, फोनची. वळण दुसऱ्यानं लावायचं असतं, अक्षराला लावतात तसं. नेम मात्र आपला आपण धरायचा. तुळशीची माळ घालणारा वारकरी एकादशी धरतो, मांस-दारू सोडतो, रोज हरिपाठ म्हणतो, तो नेम. नेम म्हणजे निशाणासुद्धा. चुकला, तर पुन्हा धरायचा.

अलिबागची आहे म्हणून तुला एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या त्या किनाऱ्यावर बेने इस्रायल, म्हणजे ज्यू लोक, शतकानुशतकं राहिले. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि मराठी बोलायचे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांच्याकडे ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरली होती. शनिवारची सुट्टी, सुंता, खाण्याचे काही नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना, एवढंच राहिलं होतं. त्यातला कोणी शनिवारी घाणा न जुंपताना मनात काय म्हणत असेल? बहुधा बैलाच्या वैरणीचाच विचार करत असेल. पण तेवढ्या न जुंपण्यावरून पुढे त्यांची ओळख पटली, आणि 1796 मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, उभं राहिलं. ज्यू घरांत शुक्रवारी दिवा लावतात तोही घड्याळ बघून, सूर्यास्ताच्या साधारण 18 मिनिटं आधी. मन लागेपर्यंत थांबत नाहीत.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी तेर्स म्हणतात, दहा-दहा प्रार्थनांचे पाच गट माळेवर मोजत, आणि ते झालं की मुलं मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद मागतात. आपल्या शुभं करोतिनंतरच्या नमस्कारासारखंच, नाही? आपल्याकडच्या बौद्ध घरांत पंचशील म्हणतात, त्यातल्या प्रत्येक ओळीत 'सिक्खापद' हा शब्द येतो. शिकण्याचं पाऊल. मी खोटं बोलत नाही अशी बढाई त्यात नाही. न बोलण्याचा सराव मी पत्करते, एवढंच आहे. मला ते फार आवडतं.

पण तुझ्या बाजूनंही बोलायला हवं. नमाजाआधी वुजू करताना हात मनगटापर्यंत, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, मग डोक्यावरून ओला हात, शेवटी घोट्यापर्यंत पाय, असा क्रम ठरलेला आहे. आणि तरीही नियत, म्हणजे मनातला हेतू नसेल तर नमाज धरली जात नाही. म्हणजे तुझा प्रश्न पूर्वीच्या लोकांनाही पडला होता.

आणि दुसरंही आहे, लिहायला जड जातंय. आजीच्या त्याच घरात कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा होता. पडवीच्या कोनाड्यात पालथा. त्यांना चहा वरून ओतायचा, कप त्यांनीच विसळून ठेवायचा. कुणी मनात राग धरून ते करत नव्हतं. हातांना वळण होतं, समईइतकंच पक्कं. ज्या हातांनी दिवा, त्याच हातांनी तो कप. मनात काही नसताना हात चालतात तेव्हा हेही होतं. आजीनं पुढे तो कप काढून टाकला आणि समई ठेवली, पण तोवर फार वर्षं गेली होती. तुझ्यासारखं कुणीतरी जिन्यात बसून विचारायला हवं होतं.

इथं एडिंबरामध्ये माझा नेम तसाही विस्कटलेलाच आहे. अलिबागला सूर्य वर्षभर सहा ते साडेसातच्या आत मावळतो. इथं जूनमध्ये रात्री दहाला आणि डिसेंबरमध्ये पावणेचारच्या आतच. म्हणून मी सूर्य सोडला आणि सगळे घरी आले की लावते. आजीसारखं खोबरेल घालून पाहिलं, पण ते 24 अंशांच्या खाली थिजतं आणि वात उपाशी राहते. तिळाचं तेल चालतं. वात दाण्याहून जास्त बाहेर राहिली की स्मोक अलार्म वाजतो, ते तुला ठाऊकच आहे.

तू लावावास असं मी म्हणत नाही. कापूस वरच्या कप्प्यात डाव्या हाताला आहे, राखेऐवजी दुधाचं बोट चालतं. आज मी लावीन तेव्हा काडी ओढण्याआधी क्षणभर थांबणार आहे. तू जिन्यात असलीस तर विचार, मनात काय होतं.

तुझी,
आई