कॅलेंडरवरचे लाल गोल आणि दुसरं अ‍ॅब्लेशन

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५९, बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही, इको नॉर्मल. १४ महिन्यांपूर्वी एएफसाठी (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडतो तो आजार) अ‍ॅब्लेशन झालं, म्हणजे जांघेतून नळी घालून हृदयात आतून भाजतात ते. त्याआधी आठवड्यातून दोनदा तरी धडधड सुरू व्हायची आणि पाच-पाच तास थांबायची नाही, जिना चढताना मधेच बसायला लागायचं. अ‍ॅब्लेशननंतर आठ-नऊ महिने मस्त गेले, वाटलं सुटले एकदाची. आता परत सुरू झालंय, महिन्यातून दोनदा, साधारण दोन तास, हातातलं घड्याळही एएफ दाखवतं. डॉक्टर म्हणतात दुसऱ्यांदा करू. हे म्हणतात एकदा करून काय मिळालं, आणि मुलगी म्हणते वय वाढायच्या आत करून टाक. मला तर ती रक्त पातळ करायची गोळीच सोडायचीय, जरा कुठे लागलं की काळंनिळं होतं. वजन ६ किलो वाढलंय. घोरण्यावरून ह्यांची रोज कटकट असते ती वेगळीच. त्रास झाला त्या दिवशी कॅलेंडरवर लाल गोल केलाय, फोटो पाठवते. करू का दुसऱ्यांदा?

उत्तर : ताई, फोटो झूम करून बघितला, गोल मोजले. तुम्ही पत्रात लिहिलंय "परत सुरू झालं" आणि कॅलेंडर मात्र वेगळंच सांगतंय. आधी आठवड्याला दोनदा पाच तास, म्हणजे महिन्याला चाळीसेक तास. आता महिन्याला चार. तुमच्या ह्यांना एवढा हिशोब नक्की दाखवा, काय मिळालं ते त्यात आहे. गंमत अशी आहे की अ‍ॅब्लेशन यशस्वी की अयशस्वी हे ठरवायचा अभ्यासांमधला नियम म्हणजे ३० सेकंद, सुरुवातीचे काही आठवडे सोडले तर नंतर ३० सेकंद एएफ पकडला गेला की "परत आला" अशी नोंद होते, मग तो माणूस आधी दिवस-दिवस धापा टाकत बसायचा आणि आता चहा पिता पिता अर्धा मिनिट धडधडलं एवढंच असलं तरी. कागदावर तो आधीचा माणूस आणि हा आताचा सारखेच. म्हणून रिपोर्टमधल्या त्या शब्दाला घाबरू नका, तास मोजा.

आता परत का येतं ते. एएफची ठिणगी बहुतेक वेळा फुफ्फुसांकडून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या चार शिरांच्या तोंडाशी पडते. हे १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ पेशंटमध्ये दाखवलं आणि तिथून ही सगळी पद्धत सुरू झाली. शिरांच्या तोंडाभोवती भाजून किंवा गोठवून व्रणाचं एक कडं करायचं, म्हणजे आतली ठिणगी बाहेर येत नाही. करतात तेव्हा कडं पूर्ण दिसतं, विजेचा सिग्नल अडतो, सगळे खूश. पण त्यातला काही भाग खरा मेलेला नसतो, नुसता सुजलेला असतो, सूज उतरली की तो परत जिवंत होतो आणि तिथून गळती सुरू. बांध घातला आणि एक बीळ राहिलं तर पाणी तिथूनच येणार ना, तसं. दुसऱ्यांदा जातात ते मुख्यतः ही बिळं शोधायला, आणि ती सापडली तर काम सोपं असतं, बुजवायची.

पण सापडली नाहीत तर? हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना शब्द न बदलता विचारा : "चारही शिरा बंदच निघाल्या तर तुम्ही आत काय करणार?" माझ्या मते दुसऱ्या अ‍ॅब्लेशनआधीचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. कारण अशा वेळी "आलोच आहोत तर अजून थोडं भाजू" असा मोह होतो, आणि जास्त भाजलं म्हणजे जास्त गुण असं काही नसतं. २०१५ साली ५८९ पेशंटचा एक मोठा अभ्यास आला, कायम टिकून राहणाऱ्या एएफच्या लोकांचा, त्यांचं पहिलंच अ‍ॅब्लेशन होतं. त्यात शिरांच्या कड्याशिवाय आणखी रेषा भाजल्या, आणखी जागा भाजल्या, तरी फायदा काही वाढला नाही. ऑपरेशनचा वेळ तेवढा वाढला.

अजून एक. घड्याळ एएफ म्हणतंय म्हणून तो एएफच असेल असं नाही हं. अ‍ॅब्लेशनच्या व्रणाभोवती कधी कधी करंट गोल गोल फिरायला लागतो, ते वेगळं प्रकरण, फ्लटर नावाच्या दुसऱ्या ताल-बिघाडासारखं, त्यात नाडी जोरात पळते पण बरेचदा एका तालात, आणि त्याचा उपायही वेगळ्या जागी असतो. तेव्हा पुढच्या वेळी धडधड सुरू झाली की घरी पडून राहू नका, जवळ जिथे कुठे ईसीजी निघत असेल तिथे जाऊन बारा लीडचा पूर्ण ईसीजी काढा आणि तो कागद जपून ठेवा (फोटो पण काढा, ईसीजीचा कागद उडतो). तुमच्या पत्रात असा एकही ईसीजी नाही. तो नसताना तारीख घेऊ नका.

गोळीचं मात्र स्पष्टच सांगतो, गोळी सुटावी म्हणून अ‍ॅब्लेशन करू नका. पक्षाघाताचा धोका वय, बीपी, शुगर, हृदयाची ताकद, आधी झटका येऊन गेलाय का, यावर मोजतात आणि गोळी त्यावर ठरते, धडधड जाणवते की नाही यावर नाही. तुम्हाला बीपी आहे आणि साठी जवळ आलीय. अ‍ॅब्लेशननंतर निदान दोन महिने तर ती सक्तीनं घ्यायचीच असते, म्हणजे सोडायला निघालात आणि उलट पक्की झाली. काळंनिळं होतं त्याबद्दल डोस आणि किडनीचा रिपोर्ट डॉक्टरांना एकदा तपासायला सांगा, डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेत असाल तर त्या आधी बंद करा.

मग अ‍ॅब्लेशन करायचं कशासाठी, तर त्रास कमी व्हावा म्हणून. २०१९ साली २२०४ लोकांचा मोठा अभ्यास आला, अ‍ॅब्लेशन विरुद्ध औषधं, त्यात मृत्यू, पक्षाघात वगैरे एकत्र धरले तर दोन्ही गटांत ठाम फरक निघाला नाही, पण रोजचं जगणं अ‍ॅब्लेशनवाल्यांचं सुधारलं. हृदयाचं पंपिंग कमजोर झालेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यात आयुष्याच्या दृष्टीनंही फायदा दिसलाय. तुमचा इको नॉर्मल आहे. म्हणजे महिन्याचे चार तास तुम्हाला किती छळतात एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर ना मुलीकडे आहे ना माझ्याकडे.

धोका "छोटासा" म्हणून कोणी उडवून लावला तर पटवून घेऊ नका. जांघेत रक्त साकळणं त्यातल्या त्यात नेहमीचं. हृदयाभोवती रक्त जमणं साधारण शंभरात एकाला, ते तिथल्या तिथे काढतात पण असतं गंभीर. पक्षाघात त्याहून कमी. आणि एक फार दुर्मिळ पण भयंकर, अन्ननलिका आणि हृदय यांच्यामध्ये भोक पडणं, ते दोन-चार आठवड्यांनी किंवा कधी त्याहूनही उशिरा कळतं. ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं असं काही झालं तर "व्हायरल असेल" म्हणून बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, आणि कोणी घशातून दुर्बीण घालायला निघालं तर आधी ओरडून सांगा की माझं अ‍ॅब्लेशन झालंय, कारण अशा वेळी दुर्बिणीतून हवा जाणं घातक ठरतं, सीटी स्कॅन आधी. नवीन पल्स्ड फील्डच्या पद्धतीत भाजायचं-गोठवायचं नसतं, विजेचे अगदी क्षणभराचे झटके देतात, त्यामुळे अन्ननलिकेचा घोर बराच कमी, पण बीळ राहायचं ते तिथेही राहू शकतं.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? तीन-चार महिने थांबलो असतो, पण हातावर हात धरून नाही. ते ६ किलो आणि ते घोरणं तुम्ही जाता जाता लिहिलंय, मी पत्रातलं तेच दोनदा वाचलं. झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रभर त्या वरच्या कप्प्यावर ताण येतो, झोपेची तपासणी करून घ्या. ऑस्ट्रेलियातल्या २०१५ च्या एका अभ्यासात जाड आणि एएफ असलेल्या ज्या लोकांनी दहा टक्के वजन उतरवून टिकवलं, त्यांची एएफमुक्त राहायची शक्यता बाकीच्यांच्या सहापट निघाली. बीपी घरी मोजा. दारू घेत असाल तर सोडा (बायकांना हा प्रश्न कोणी विचारतच नाही म्हणून विचारतोय). आणि ताल सांभाळणारी जी गोळी अ‍ॅब्लेशनच्या आधी चालली नव्हती ती नंतर कधी कधी चालते, डॉक्टरांना म्हणावं परत एकदा देऊन बघू का. एवढं करूनही गोल वाढले, दोन तासांचे दहा झाले, शॉक देऊन ताल आणायची वेळ आली, तर मात्र रेंगाळू नका, एएफ मुक्काम ठोकून बसला की वरचा कप्पा मोठा होत जातो आणि मग अ‍ॅब्लेशनचा गुणही कमी येतो. मुलीचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे.

प्रश्न : माझं अ‍ॅब्लेशन होऊन पाच आठवडे झालेत आणि रोज फडफड होतेय. फेल गेलं का? लगेच दुसरं करावं लागेल?

उत्तर : नाही हो. आतली जखम अजून ओली आहे, ती चिडते. पूर्वी पहिले तीन महिने मोजायचे नाहीत असं होतं, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीत ते आठ आठवड्यांवर आणलंय, तुम्ही अजून त्याच्या आतच आहात. या काळात गोळ्यांवर किंवा शॉकवर भागवतात. चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, दम लागून झोपता न येणं, यातलं काही असेल तर ताबडतोब जा, नाहीतर रक्त पातळ करायची गोळी एकही न चुकवता थांबा.

प्रश्न : वडील ७८, दोन अ‍ॅब्लेशन झाली, एएफ आता कायमचाच आहे, ठोके गोळ्यांनी आटोक्यात येत नाहीत. एक डॉक्टर म्हणतात तिसरं करा, दुसरे म्हणतात पेसमेकर बसवून मधली वायर जाळून टाका. जाळायचं म्हणजे काय?

उत्तर : वरच्या कप्प्यांतून खाली सिग्नल एकाच जागेतून जातो, ती जागा बंद करायची आणि खालचे ठोके पेसमेकरनं चालवायचे. वर एएफ चालूच राहतो, त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी सुटत नाही, पण नाडी शांत होते आणि बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना त्यानं खूप आराम पडतो. काम तिसऱ्या अ‍ॅब्लेशनपेक्षा सोपं आणि लवकर होणारं. पण ते मागे घेता येत नाही, पुढे जन्मभर पेसमेकरवरच अवलंबून राहायचं. दोनदा होऊनही एएफ कायमचाच राहिलाय तर या वयात तिसऱ्यांदा आत शिरायला माझा हात धजावला नसता. कुठला पेसमेकर ते मात्र नीट विचारा, नुसता उजव्या बाजूनं ठोके देणारा वर्षानुवर्षं चालला तर काहींचं पंपिंग उतरतं, म्हणून दोन्ही बाजूंना किंवा हृदयाच्या मूळच्या तारेतून ठोके देणारा बसवता येईल का ते आधी बोलून घ्या. आणि पत्रात दोन्ही डॉक्टरांचं मत आहे, वडिलांचं कुठेच नाही, त्यांना काय हवंय ते विचारून परत लिहा.