ब्रुसेल्सची नोकरी आणि भारतीय पासपोर्ट

प्रश्न : मुलगी नागपुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. युरोपियन युनियनचा अभ्यास करून तिकडेच नोकरी करायची म्हणते. याला स्कोप आहे का? – एक पालक, धंतोली

उत्तर : नमस्कार. नकोशी गोष्ट आधी सांगतो. युनियनच्या कायम नोकरीसाठी सदस्य देशाचे नागरिकत्व लागते. युरोपियन आयोगाच्या (युनियनच्या कार्यकारी यंत्रणेच्या) 5 महिन्यांच्या ‘ब्लू बुक’ प्रशिक्षणात बाहेरच्यांना थोड्या जागा असतात, पण त्या भरवशावर करिअर आखू नका.

मागणी आहे ती युनियनशी व्यवहार करू शकणाऱ्यांना. त्यासाठी ‘ब्रुसेल्स (म्हणजे युनियन) मोठे की सदस्य देश?’ हा वादस्पर्धेतला प्रश्न सोडून, कोणत्या विषयात कोणाची सही चालते हे शिकावे लागते. व्यापार धोरण पूर्णपणे युनियनकडे आहे. करप्रश्नी मात्र एक देशही नकार देऊन सगळे अडवू शकतो. बहुतेक कायद्यांना 27 पैकी 15 देश आणि 65 टक्के लोकसंख्या एवढा पाठिंबा पुरतो. खरी गुंतागुंत मिश्र करारांत असते, म्हणजे ज्यांतले काही विषय युनियनच्या आणि काही सदस्य देशांच्या अखत्यारीत येतात त्यांत. 2016 मध्ये बेल्जियमच्या वालोनिया या एका प्रांताने कॅनडाबरोबरचा करार अडवून धरला होता. त्यातला व्यापाराचा बराच भाग 2017 पासून तात्पुरता लागू झाला. गुंतवणूकदारांच्या तंट्यांचा भाग मात्र प्रत्येक देशाच्या मंजुरीसाठी थांबला.

विद्यार्थी युरोपीय न्यायालयाचा 1964 चा ‘कोस्टा विरुद्ध एनेल’ निकाल वाचतात आणि ‘युनियनचा कायदा वरचढ’ असे लिहून मोकळे होतात. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीवरचा जर्मन घटनात्मक न्यायालयाचा मे 2020 चा निकाल शेजारी ठेवला, की वरचढपणाला घरचे न्यायालय कुठे हरकत घेते ते दिसते.

माझा कल कायद्याकडे आहे. पदवीनंतर तीन वर्षांचे एलएल.बी. करून व्यापार कायद्याकडे वळावे. बुटीबोरीतल्या कारखान्याचे पोलाद युरोपात जायचे असेल, तर कार्बन-शुल्काच्या (उत्सर्जनानुसार आयातीवर बसणाऱ्या आकाराच्या) नियमांमुळे तिथला आयातदार उत्सर्जनाचे आकडे मागतो. ते नियम वाचून कारखान्याला समजावणारा माणूस नागपुरातही लागतो.

परदेशीच शिकायचे असेल तर इरॅस्मस मुंडुस या युनियनच्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती पाहा : महिना 1,400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने. अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीत घेतात. तीन वर्षांची पदवी चालते का, हे प्रत्येक अभ्यासक्रमाच्या अटींत तपासा. इथेच अर्ज बाद होतात. फ्रेंच मात्र आजच सुरू करा. लक्झेंबर्गमधल्या युनियनच्या न्यायालयाचे अंतर्गत काम फ्रेंचमध्ये चालते आणि बी-2 (भाषेत बऱ्यापैकी स्वतंत्रपणे काम करता येण्याची) पातळी सहा महिन्यांच्या क्लासने येत नाही.