ऑर्नेट कोलमन नेमका कोण होता आणि त्याला ऐकायची सुरुवात कुठून करावी?

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाला, जन्म १९३०, टेक्सासमधलं फोर्ट वर्थ. सुरुवातीला लोकांनी त्याला अक्षरशः हाकलून दिलंय, लॉस एंजेलिसमध्ये लिफ्ट चालवायची नोकरी करत तो संगीताच्या थिअरीची पुस्तकं वाचायचा, आणि हातात काय तर पांढरट प्लास्टिकचा ऑल्टो सॅक्सोफोन, कारण पितळेचा परवडत नव्हता!

मग १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात त्याचा क्वार्टेट, म्हणजे चौघांचा बँड, वाजला आणि जॅझवाल्यांत सरळ दोन तट पडले. बँडमध्ये पियानोच नाही, म्हणजे ठरलेल्या कॉर्ड्सच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) मागे धावायचं बंधन नाही, सूर जिकडे नेईल तिकडे जायचं, आणि डॉन चेरीचा ट्रम्पेट त्याच्या इतका जवळून जातो की दोघं एकाच श्वासात बोलतायत असं वाटतं. १९६० मध्ये तर दोन क्वार्टेट एकत्र बसवून ३७ मिनिटांचा एकच सलग तुकडा रेकॉर्ड केला, त्या अल्बमचं नाव 'फ्री जॅझ', आणि अशा मोकळ्या जॅझला हे नाव तिथूनच पडलं. पुढे प्राइम टाइम हा इलेक्ट्रिक बँड, २००७ ला संगीताचा पुलित्झर पुरस्कार, २०१५ ला गेला.

ऐकायची सुरुवात त्याच्या 'लोनली वूमन' या रचनेपासून कर. खाली ड्रम्स भरधाव आणि वर सूर एकदम संथ, रडवेला. त्याला गोंगाट म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकलंच नाहीये असं माझं ठाम मत आहे.