मागच्या पडवीतील धुण्याची खोली : मे महिन्यात की दिवाळीत?

गुहागरजवळ राहणाऱ्या एका शिक्षक वाचकांनी विचारले आहे की, मागच्या पडवीचे रूपांतर कपडे धुण्याच्या खोलीत करण्यासाठी गवंड्याने १,८५,००० रुपये सांगितले असून सामान मात्र ८२,००० रुपयांत येते, तेव्हा नोव्हेंबरमध्ये मुदत संपणारी २ लाखांची ठेव आताच मोडून, मे महिन्याच्या सुट्टीत हे काम स्वतःच्या हाताने करावे का? हातात करणी त्यांनी आजवर धरलेली नाही. घरखर्च महिन्याला २८,००० रुपये असून या ठेवीखेरीज हाताशी दुसरी शिल्लक नाही.

आपण १,०३,००० रुपयांची बचत गृहीत धरली आहे, ती प्रथम तपासू. लाद्या कापण्याचे यंत्र, ड्रिल आणि किरकोळ हत्यारे यांचे ११,००० रुपये, चिपळूणहून दोन खेपांचे भाडे ५,००० रुपये आणि नवख्या हाताने फुटणाऱ्या लाद्या व वाया जाणारे सिमेंट यांचे निदान ७,००० रुपये आपल्या यादीत नाहीत. ते धरले की खर्च १,०५,००० रुपयांवर जातो आणि बचत ८०,००० रुपये उरते. तीही सारे काम पहिल्याच फेरीत साधले तर.

काम साधेल की नाही, हे जमिनीवर ठरते. धुण्याच्या खोलीत दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार मोरीकडे हवा, त्याखाली जलरोधक थर हवा आणि लाद्या बसवण्याआधी मोरीचे तोंड बंद करून किमान २४ तास पाणी साठवून पाहायला हवे. पूर्वी मी हौसेने माझ्या न्हाणीची जमीन स्वतः केली होती. उतार दाराकडे गेला आणि पुढची दोन वर्षे आम्ही खराट्याने पाणी मोरीकडे लोटत होतो. शेवटी गवंड्याने सगळे उखडले, म्हणजे तेच काम मला दोनदा पडले. वीजजोडणीबाबत तर चर्चाच नको. ओल्या जागेतील धुण्याच्या यंत्राला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) लागतो, आणि हे काम परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावे.

म्हणून माझा सल्ला असा की, ज्या कामातील चूक पाण्याने किंवा विजेने वसूल होते, ते काम पैसे देऊन करून घ्यावे. आपण पाठवलेल्या दरपत्रकात जमीन व जलरोधन ४८,०००, नळकाम ३२,००० आणि वीजकाम २४,००० असे एकूण १,०४,००० रुपये आहेत. ते गवंड्याकडे राहू द्यावेत. भिंतींच्या लाद्या, रंग, फळ्या आणि दार यांचे ८१,००० रुपये धरले आहेत. हे भाग आपण करावेत. त्यांचे सामान सुमारे ४५,००० रुपयांत बसेल, हत्यारे भाड्याने घेतल्यास ४,००० रुपये पुरतील, आणि एकूण खर्च १,५३,००० रुपये होईल. बचत ३२,००० रुपयांची. लहान वाटेल, पण ती हातात राहणारी आहे. कपडे वाळवण्याची दांडी मात्र साध्या लोखंडाची घेऊ नये, खाऱ्या वाऱ्यात ती गंजून चादरींवर डाग पाडते.

आता ठेवीकडे वळू. आपली ठेव ३ वर्षांची, ७ टक्क्यांची आहे. अडीच वर्षांनी मोडल्यास बँक तेवढ्या काळाला लागू असणारा दर धरते आणि त्यातून बहुधा १ टक्क्यापर्यंत दंड कापते. हातात पावणेसहा टक्के पडले, तर सुमारे ७,००० रुपयांचे नुकसान होते. थांबणे अशक्यच असते, तर ठेवीवर १,५३,००० रुपयांची उचल साडेआठ टक्क्यांनी सहा महिने घेण्याचे व्याज सुमारे ६,५०० रुपये, म्हणजे या नुकसानाहून थोडे कमीच झाले असते. पण थांबण्यात अडचण मला दिसत नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, आणि कच्चा गिलावा व पाणी न पाजलेला कोबा त्याच्या तोंडी देणे हा धोका आहे.

शिवाय आपली भिंत जांभ्या चिऱ्याची आहे. मे महिन्यात ती कोरडी ठणठणीत दिसते, आणि श्रावणात कमरेपर्यंत ओल धरते. यंदाच्या पावसात ओल चढेल तिथे खडूने रेघ मारून ठेवावी; दिवाळीत गवंड्याला ती रेघ दाखवली की जलरोधनाचा थर भिंतीवर किती उंच न्यायचा, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. तोवर यंत्र न्हाणीतच स्टँडवर राहू द्यावे. जून ते ऑक्टोबर दरमहा १२,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकल्यास ६०,००० जमतील, मुदत ठेवीचे सुमारे २,४६,००० येतील, आणि खर्च वजा जाता साधारण १,५३,००० रुपये, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक घरखर्च, शिल्लक राहील. आज ठेव मोडून तेवढाच खर्च केला, तर पावणेतीन महिन्यांपुरतेच पैसे उरतील, आणि आपले वडील ७२ वर्षांचे आहेत.

एक बाब आपण ओझरती लिहिली आहे, पण मला ती महत्त्वाची वाटते : घराचा उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे. सामाईक घरावर दीड लाख खर्च करण्यापूर्वी मुंबईच्या काकांची लेखी संमती घ्यावी आणि सर्व बिले आपल्या नावाने करून जपून ठेवावीत. गणपतीला ते गावी येतीलच. विसर्जनानंतर, परतीच्या गाडीआधी, त्यांना मागच्या पडवीतील खडूची रेघ दाखवून हा विषय काढावा.