सफाईच्या कामावर एकेकटे जाणारे लोक सुखरूप आहेत की नाहीत, हे मालकाला कसे कळावे?

आपल्याकडे बारा जण सफाईचे काम करतात, त्यांतील बहुतेक जण एकेका कार्यालयात किंवा बंगल्यात एकटेच जातात, आणि कोण कुठे आहे व सुखरूप आहे की नाही हे कळण्यासाठी कोणते अ‍ॅप घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. मी कोल्हापुरात २००८ पासून हाच व्यवसाय करते. अ‍ॅपविषयी मी लिहीन, पण आधी आमच्या मस्टरमधील एका नोंदीविषयी लिहिणे मला भाग आहे, कारण आपला प्रश्न वाचल्यावर मला पहिल्यांदा तीच आठवली.

२०१३ च्या पावसाळ्यातील एका शनिवारची गोष्ट आहे. शाहूपुरीतील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील कार्यालयाची सफाई आमच्याकडे होती आणि तेथे संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत आमच्या आक्का एकट्या जात. त्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या असल्यामुळे आम्ही सगळेच त्यांना आक्का म्हणतो. काम संपले की त्या राजारामपुरीत आमच्या घरी येऊन मस्टरवर सही करीत, चहा घेत आणि घरी जात; पावसाचा जोर असला की थेट घरी जाऊन सही सोमवारी करीत. मस्टर आणि हिशेब माझे धाकटे दीर पाहतात. कोणाच्या नावापुढे बाहेर पडण्याची वेळ कोरी राहिली, तर रात्री वही मिटताना ते नेहमीची वेळ स्वतःच लिहून टाकीत. त्यामागे त्यांचा हेतू वाईट नव्हता. कोणाचा अर्धा तास पगारातून कापला जाऊ नये, एवढाच तो होता.

त्या दिवशी सव्वासातच्या सुमारास स्वच्छतागृहात आक्कांच्या हातून बादली लवंडली, साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला आणि घोट्याचे हाड मोडले. फोन पिशवीत होता आणि पिशवी बाहेरच्या खोलीत खुर्चीला अडकवलेली होती. इमारतीच्या वॉचमनने, कार्यालयातील माणसे पाचलाच गेली आहेत हे पाहून, साडेसातला खालचे शटर ओढले, कुलूप घातले आणि तो गावी निघून गेला. आक्का वर गेल्या तेव्हा तो चहाला गेलेला असल्यामुळे वर कोणी आहे हे त्याला ठाऊकच नव्हते.

रात्री साडेदहाला आक्कांचे यजमान भिजत आमच्या दारात आले आणि म्हणाले, "वहिनी, मंडळी अजून घरला न्हाई आली." मी मस्टर उघडले. आक्कांच्या नावापुढे आत ६.०० आणि बाहेर ८.०० असे निळ्या शाईत स्वच्छ लिहिलेले होते. मी त्यांना विश्वासाने सांगितले की, आक्का आठलाच तिथून निघाल्या आहेत. त्या एका वाक्यामुळे पुढचा पाऊण तास आम्ही त्यांना शाहूपुरी सोडून सगळीकडे शोधले. केएमटी बसचा थांबा पाहिला, उचगावला त्यांच्या बहिणीकडे माणूस पाठवला, रुग्णालयांत फोन करून कोणाला अपघात होऊन आणले आहे का हे विचारले. मग दारातच उभ्या असलेल्या दिरांनी खाली पाहत सांगितले, "वहिनी, ते आठ मी लिहिलेत."

शाहूपुरीत पोहोचलो तर शटरला कुलूप होते. वॉचमनचा फोन बंद होता, कार्यालयाचे व्यवस्थापक सांगलीला लग्नाला गेले होते, आणि दुसरी किल्ली नागाळा पार्कात राहणाऱ्या मालकांकडे आहे हे कळायलाच अर्धा तास गेला. शटर उघडले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. आक्का स्वच्छतागृहाच्या उंबऱ्यापर्यंत सरपटत आल्या होत्या आणि पायाखाली त्यांनी फरशी पुसायचे फडके घडी करून घेतले होते. मला पाहून त्या पहिल्यांदा बोलल्या ते असे: "वहिनी, बादली लवंडली. फरशी तेवढी राहिलीया." आणि नंतर रिक्षात म्हणाल्या, "फोन सतरा डाव वाजला बघा. मोजत पडलो होतो." आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी 'पडलो', 'गेलो' असेच बोलतात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. पाच तास ओल्या फरशीवर पडून त्यांनी खुर्चीवरच्या पिशवीत वाजणारा फोन मोजला होता.

तेव्हापासून माझे आणि दिरांचे एकाच मुद्द्यावर भांडण आहे. त्यांचे म्हणणे असे की, त्या वेळी अ‍ॅप असते तर हे घडले नसते. २०१८ मध्ये त्यांनी ते घेतलेही. माझे म्हणणे असे की, अ‍ॅपने त्या रात्री नकाशावर शाहूपुरीत एक ठिपका दाखवला असता, कारण फोन खुर्चीवर जिथे असायला हवा तिथेच होता, आणि तो ठिपका पाहून भाऊजी समाधानाने झोपले असते. काम करणारी बाई, पडलेली बाई आणि विसरून राहिलेला फोन हे तिन्ही नकाशावर सारखेच दिसतात. हजेरी पगारासाठी असते आणि म्हणूनच तिच्यात आत येण्याच्या वेळेला महत्त्व असते. माणूस सुखरूप आहे की नाही, हे तो बाहेर पडला की नाही यावरूनच कळते, आणि ती वेळ त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणीही लिहिता कामा नये. रकाना कोरा राहिला तर त्या कोऱ्या रकान्यामुळे त्याच रात्री कोणाची तरी झोप उडाली पाहिजे.

आमच्याकडे आता पुढीलप्रमाणे चालते. आमच्या बहुतेक बायकांकडे बटणांचे साधे फोन असल्यामुळे कामाची खूण म्हणजे मिस कॉल. काम संपवून, इमारतीच्या बाहेर, रस्त्यावर आल्यावर एका ठरावीक नंबरवर मिस कॉल द्यायचा. तो फोन आणि वही आक्कांकडे असते, कारण घोटा बरा झाल्यावर त्यांना जिने चढणे जमेना. या कामाचा त्यांना वेगळा पगार आहे. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत मिस कॉल आला नाही, तर आक्का स्वतः दोनदा फोन करतात. उचलला नाही, तर वॉचमनला किंवा शेजारच्या दुकानाला करतात. तरीही पत्ता लागला नाही, तर त्या भागात काम करणारी आमची दुसरी व्यक्ती निघते आणि मला कळवले जाते. कोणाला विचारून निघायचे, हा प्रश्नच त्यात ठेवलेला नाही. आक्कांनी 'जा' म्हटले की जायचे, आणि पेट्रोलचे पैसे माझ्याकडून घ्यायचे.

एक चूक मात्र मी स्वतः केली, ती आपण करू नये. सुरुवातीला रोज कोणीतरी मिस कॉल विसरायचे, आम्ही धावत जायचो, आणि बाई घरी भाकऱ्या थापत बसलेली सापडायची. मी वैतागून ओरडू लागले आणि दिरांनी दंडाची भाषा सुरू केली. महिन्याभरात सगळ्यांचे मिस कॉल अगदी घड्याळाच्या काट्यावर येऊ लागले. मला मोठा अभिमान वाटला. नंतर कळले की, ओरडा नको म्हणून बायका काम चालू असतानाच, हातातला मॉप भिंतीला टेकवून, आतूनच मिस कॉल देत होत्या. तेव्हापासून विसरल्याबद्दल कोणालाही बोलायचे नाही, असा नियम आहे. विसरण्यामुळे होणारी एखादी फुकट फेरी मला चालते. खोटा मिस कॉल चालत नाही.

किल्लीविषयी मी सर्वांत कडक आहे. प्रत्येक जागेसाठी रात्री-अपरात्री किल्ली घेऊन येऊ शकतील अशा दोन माणसांची नावे व नंबर, आणि आमची व्यक्ती वर असताना शटर लावायचे नाही ही अट, काम घेतानाच लिहून घेते. दोन ठिकाणी ही अट मान्य झाली नाही, म्हणून मी ती कामे सोडली. दिरांच्या मते त्यातले एक काम सोडणे हा शुद्ध वेडेपणा होता, आणि पैशांच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचे बरोबर आहे.

काही कामे एकट्याने करायचीच नसतात आणि कोणतीही नोंद त्यावर उपाय नाही. टॉयलेट साफ करण्याच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण मिसळले की क्लोरिन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो, म्हणजे वाकून फरशी घासणाऱ्याच्या तोंडाशीच. ताराबाई पार्कातील एका बंगल्यात आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलाने डाग निघेना म्हणून दोन्ही एकत्र ओतले. दार लावलेले होते, खिडकी लहान होती. घरातील आजींना वास आला आणि त्यांनी दार ढकलले, म्हणून तो वाचला. तेव्हापासून एकट्याच्या पिशवीत अ‍ॅसिड द्यायचे आम्ही बंद केले. पाण्याच्या टाकीत एकाने उतरायचे नाही. वर दुसरा माणूस दोर धरून हवाच, आणि त्याने आत उडी मारायची नाही, दोर ओढायचा. सेप्टिक टँकचे काम आम्ही घेतच नाही. संरक्षक साधनांशिवाय कोणाला त्यात उतरवणे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कामाला लावणाऱ्याचा गुन्हा आहे.

माणसांपासून होणारा त्रास हा वेगळा विषय आहे आणि तो बायका पटकन सांगत नाहीत. आम्ही एक खुणेचे वाक्य ठरवले होते: "फिनेल संपलंय." फोनवर हे ऐकले की आक्कांनी काहीही न विचारता, "सगळं ठेवून आत्ता परत या," असे मोठ्याने सांगायचे. पण फिनेल खरोखरच संपते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दोन बायका अर्धे काम टाकून धावत आल्या. आता वाक्य "हिरवं फिनेल संपलंय" असे आहे, कारण हिरवे फिनेल आम्ही कधी विकत घेतच नाही. आपल्याकडे बारा जण असल्यामुळे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती नेमणे २०१३ च्या कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी लोक असते, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे गेली असती. रात्रीच्या कामाचेही लक्षात असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना काम द्यायचे, तर त्यांची संमती, सुरक्षिततेची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत वाहन या गोष्टी घातल्या आहेत. ११२ आणि १०८ हे नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये असतातच, पण जागेचा नेमका पत्ता आणि मजला तिला सांगता येतो का, हे एकदा विचारून पाहा.

मिस कॉलचा खरा उपयोग मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळला. पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले होते, आणि संध्याकाळी वहीत बाकी सगळ्यांच्या खुणा झाल्या तरी दोन रकाने कोरे होते. आक्कांनी शिरोली एमआयडीसीतील कारखान्याच्या गेटवर फोन लावला, तेव्हा त्या दोघी तिथेच अडकल्या असून कँटीनमध्ये झोपणार आहेत, हे पंधरा मिनिटांत कळले. दोघींच्या घरी आम्ही निरोप दिले. अ‍ॅपमध्ये त्या दिवशी दोघी नव्हत्याच, कारण दोघींकडेही बटणांचा फोन होता.

आता अ‍ॅपविषयी. दिरांचे सगळेच चूक आहे, असे माझे म्हणणे नाही, हेही नमूद करते. चाळीस-पन्नास माणसे झाली की एका आक्कांना वही झेपणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे लाइव्ह लोकेशन एका वेळी जास्तीत जास्त आठ तासच चालते आणि ते सतत पाहत बसणार कोण, हा प्रश्न राहतोच. घ्यायचे असेल, तर ठरलेल्या वेळी 'ठीक आहात का' असे विचारणारे आणि उत्तर आले नाही तर दुसऱ्या माणसाचा फोन खणखणीत वाजवणारे अ‍ॅप घ्या. नुसते पडद्यावर लाल अक्षर दाखवणारे घेऊ नका. तळघरात आणि लिफ्टमध्ये ते चालते का, हे पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन पाहा. आणि त्यात 'ऑटो चेकआउट' नावाची सोय असते, ती पहिल्याच दिवशी बंद करून घ्या. कोणी बाहेर पडल्याची नोंद केली नाही, तर काही तासांनी अ‍ॅप स्वतःच ती वेळ भरून टाकते. आमच्या अ‍ॅपमध्ये ती चालू आहे, हे मला गेल्या महिन्यात कळले. मी दिरांना ती बंद करायला सांगितले आहे. महिनाअखेरीस पगाराचे बिल अडकते, असे त्यांचे म्हणणे असून माझे सांगणे त्यांनी अद्याप मनावर घेतलेले नाही.