ताप अंगात, सुटी मागायची मात्र लाज

“एवढ्याशा तापासाठी सुटी कशी मागू, मॅडम?” मी समुपदेशक. हिवाळा लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कधी हिंजवडीतून, कधी दुबईहून, अलीकडे जपानमधूनही. विचारणारी माणसं कामसू असतात. कामचुकारांना तो पडत नाही. शिक्षकांना जास्त पडतो, त्यातही बालवाडीतल्या, कारण तिथला वर्ग बाईंच्या अंगातल्या उत्साहावरच चालतो.

रेवाचं (नाव अर्थातच बदललंय) उदाहरण तिच्या परवानगीने देते. मूळची साताऱ्याकडची, आता जपानमध्ये नागोयाजवळ एका खासगी बालवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तिच्याकडे रात्रीचे नऊ वाजले की माझ्याकडे साडेपाच, तेव्हा आम्ही बोलायचो. आली होती झोप लागत नाही म्हणून. तापाचा विषय ओघात निघाला.

त्या सकाळी ३८.४ ताप, म्हणजे आपला एकशेएक. गोळी घेतली, मास्क चढवला आणि गेली. आवाज पार बसलेला. प्राण्यांचा धडा होता. बेडकाचं इंग्रजी नाव तोंडातून फुटेना, म्हणून ती नुसत्या उड्या मारत राहिली आणि पोरं नाव ओरडत राहिली. दोन वर्गांच्या मधे बाथरूमच्या थंड फरशीला कपाळ टेकून उभी राहिली, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा उड्या.

हे सांगताना तिच्या सुरात तक्रार नव्हती, थोडी फुशारकीच होती. मी तिथे सावध झाले.

“वर्गातल्या मुलाला एवढा ताप असता तर?”

“३७.५ झाला की आम्ही आईला फोन करतो, घेऊन जा म्हणून.”

“आणि इन्फ्लुएन्झा निघाला तर?”

“ताप आल्यापासून पाच दिवस आणि उतरल्यावर तीन दिवस व्हायला हवेत. तोवर शाळेत यायचं नाही.” तोंडपाठ होतं तिला.

“तुला काय झालं होतं?”

“...मी तपासलंच नाही.”

इथे चार शब्द सुनवायचा मोह होतो. मी तो आवरते. आधीच अपराधी वाटणाऱ्याच्या हातात आणखी एक अपराध दिला, तर तो बदलत नाही, नुसता जास्त थकतो.

खरी गाठ सुटली ती बऱ्याच भेटींनंतर. तिचे वडील प्राथमिक शिक्षक. अंगात ताप असतानाही त्यांनी शाळा चुकवली नाही, हे घरात पदकासारखं मिरवलं जायचं. ते ऐकून झाल्यावर मी वडिलांना हातच लावला नाही. विचारलं, “तू गेली नसतीस तर वर्ग कोणी घेतला असता?”

“सोबतच्या जपानी बाई आहेत. पण त्यांना कसं सांगायचं?”

“त्यांनी तुला कधी सांगितलंय?”

“एकदा. त्यांच्या मुलाला उलट्या होत होत्या. मी त्यांचे तास सांभाळले.”

“राग आला असेल.”

“छे! उलट...” ती थांबली. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं ही आमच्या कामातली सर्वांत अवघड गोष्ट, आणि ती मला जमते असं मी म्हणेन. “उलट त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की मी इथली आहे.” मग डोळे पुसत, “म्हणजे मी त्यांना ती संधीच देत नाहीये.”

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते. १९५० च्या दशकात मांडलेली ही पद्धत सांगते की इच्छा बाळगावी, तिची अट करू नये. आपण उपयोगी पडावं ही इच्छा चांगलीच. पण “उपयोगी पडले तरच मला इथे जागा” ही अट परक्या देशात फार लवकर मूळ धरते. वडिलांचा आदर्श हे निमित्त होतं. रेवा भाडं भरावं तशी रोज आपली जागा कमावत होती.

आता सल्ला. तापात निर्णय घेऊ नका, बरे असताना घेऊन ठेवा. किती तापाला घरी राहायचं तो आकडा कागदावर लिहा. रेवाने मुलांचाच ३७.५ घेतला. फोनवर काय बोलायचं तेही त्या देशाच्या भाषेत आधी पाठ करा; तिने आरशासमोर घोकलं. आणि नेमणुकीचं पत्र नीट वाचा. जपानमध्ये आजारपणाची वेगळी भरपगारी रजा द्यायलाच हवी असा कायदा नाही. सहा महिने सलग नोकरी आणि ८० टक्के हजेरी झाली की पूर्णवेळ माणसाला १० दिवसांची भरपगारी रजा मिळते, आणि बहुतेक जण आजारपणात तीच वापरतात. नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्य विम्यात असाल तर लागोपाठ तीन दिवस गेल्यावर चौथ्या दिवसापासून पगाराच्या साधारण दोन तृतीयांश भत्ता मिळू शकतो. रेवाला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि तिची निम्मी भीती त्या अज्ञानाची होती. तासावर पैसे मिळणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांची भीती अपराधीपणाची नसते, पैशांची असते. तिथे मी आधी हिशोबाची वही काढायला लावते.

पुढच्या जानेवारीत रेवाने ताप येताच सकाळी फोन केला. मुख्याध्यापिका “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला. रेवा दिवसभर अंथरुणात पडून त्या “बरं”चा सूर आठवत बसली. पुढची भेट आम्ही त्यावर घालवली.