आजोबांची पत्र्याची आगगाडी रंगवून घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माळ्यावरच्या पेटाऱ्यात आजोबांची चावीची पत्र्याची आगगाडी सापडली आहे. इंजिन, दोन डबे, मूठभर रूळ. रंग जागोजागी उडालाय, चाकं अडकतात. रंगवून घ्यावी का, कुठली आहे ते कसं ओळखायचं, आणि गोव्याच्या हवेत असला संग्रह टिकतो तरी का?

रंगवू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण पेंटरशी बोलणं झालं असेल तर आधी त्याला नको म्हणून कळवा.

या गाड्यांत पत्रा हा नुसता आधार असतो, खरं खेळणं म्हणजे त्यावरची छपाई. पातळ पोलादी पत्र्याला कथिलाचा मुलामा द्यायचा, सपाट असतानाच त्यावर सगळं चित्र छापायचं, मग तो कापून, दाबून, वाकवून त्याची बारीक टोकं खाचांतून काढून मागे वळवायची. झाला डबा. आमच्या म्हापशाच्या घरात अशीच एक गाडी आहे, 1950 च्या दशकातली, पश्चिम जर्मनीची. तिच्या डब्याच्या खिडकीत टोपीवाला गृहस्थ पेपर वाचत बसलाय, दाराच्या मुठीला खाली सावली दिलीय, बॉयलरवरचा एकूण एक रिव्हेट छापलेला आहे, आणि पत्रा मात्र हाताला गुळगुळीत. आतेभावाने हौसेने मागचं टेंडर, म्हणजे कोळशाचा डबा, गॅरेजात नेऊन काळंकुळकुळीत करून आणलं. दुरून झक्क दिसतं. जवळून पाहिलं की कोळसा नाही, रिव्हेट नाहीत, नंबर नाही, नुसती काळी पत्र्याची पेटी. तो रंग आता काढायला जावं तर खालची छपाईही त्याच्याबरोबर निघेल. शिवाय त्या काळच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते, म्हणून घासकागद लावू नका आणि तोंडात वस्तू घालणाऱ्या पोरांच्या हाती गाडी देऊ नका.

ओळखायचं कसं? गाडी उलटी करा. बिंग या न्यूर्नबर्गच्या कंपनीचं चिन्ह ‘जीबीएन’ किंवा नंतरचं ‘बीडब्ल्यू’. ती कंपनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुडाली, त्यामुळे हे चिन्ह दिसलं तर गाडी नक्की त्याआधीची. ‘यू.एस. झोन जर्मनी’ लिहिलं असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर 1952 च्या अलीकडची नाही. ‘वेस्टर्न जर्मनी’ म्हणजे 1949 नंतरची. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1920 मध्ये हॉर्नबी गाड्या काढल्या, त्यांच्यावर बहुधा नाव स्वच्छ छापलेलं असतं. नाव कुठेच नसेल तर रुळांमधलं आतल्या बाजूचं अंतर मोजा. 32 मिलिमीटर भरलं तर ‘ओ’ गेज, 45 भरलं तर ‘वन’ गेज, साडेसोळा भरलं तर ‘डबल ओ’ किंवा ‘एचओ’. ही मापांची शिस्त 1891 मध्ये जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने लावली. जुन्या जर्मन कॅटलॉगात ‘ओ’ गेज 35 मिलिमीटर लिहिलेलं आढळलं तर गोंधळू नका, ते लोक रुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजत. मध्ये तिसरा रूळ असेल तर गाडी विजेची. तिचा जुना ट्रान्सफॉर्मर प्लगात खुपसू नका. सुरुवातीच्या काही विजेच्या गाड्या तर दिवा मध्ये जोडून थेट घरच्या विजेवर चालत.

गोव्यातल्या घरांत असल्या गाड्या निघतात यात नवल नाही. गोवा पोर्तुगीजांकडे असताना, 1955 मध्ये, भारताच्या बाजूने रेल्वे बंद झाली, आर्थिक नाकेबंदी आली, पण खनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जात होतं आणि परदेशी माल इथल्या दुकानांत सुखाने मिळत होता. जी वस्तू मुंबईत परवान्याशिवाय दिसत नव्हती ती पणजीत काचेत मांडलेली असे. म्हणून आजोबांनी ती कधी आणि कुठून आणली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. 1955 च्या आधी मुंबईहून आली असेल तर मी आधी हॉर्नबी समजून बघेन, नंतर पणजीहून आली असेल तर जर्मन किंवा जपानी. आणखी एक गंमत. मुरगावहून कॅसलरॉकला जाणारी तेव्हाची मीटरगेज सगळी दक्षिण गोव्यातून. आमच्या उत्तरेकडच्या बार्देशात आगगाडी आली ती कोकण रेल्वेबरोबर, 1990 च्या दशकात. थिवीला स्टेशन होण्याआधी आमच्याकडच्या कित्येक पोरांनी पहिली आगगाडी पाहिली ती पत्र्याचीच.

आता हवा. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या घरात असते आणि लोखंडाला साठीच्या पुढे गंज धरायला लागतो, त्यात समुद्राचं मीठ. गंज सुरू होतो तो कापलेल्या कडेला आणि वाकवलेल्या टोकांना, कारण तिथे कथिलाचा मुलामा तुटलेला असतो. तेव्हा पावसाळ्याचे चार महिने गाडी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे ओले झालेले कळतात. ते तापवून पुन्हा वापरता येतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याच्या कागदात आम्ल असतं. रबरबँड आणि डांबरगोळ्या नकोत. मूळ पुठ्ठ्याचा खोका असेल तर तो वेगळ्या डब्यात ठेवा आणि भिंतीपासून लांब, वाळवीला पुठ्ठा फार आवडतो. खोका फाटका म्हणून फेकून देणारे महाभाग असतात. संग्राहक कधीकधी गाडीपेक्षा त्या खोक्यासाठी जास्त हळहळतो.

आणि चवथ. आमच्याकडे गणपतीपुढे माटोळीखाली, म्हणजे वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, गाडी फिरवायचीच, हा पोरांचा हक्क. बाहेर भाद्रपदाची ओल, घरात समई-धूप, आणि नेवऱ्या खाल्लेले तुपकट हात. बोटांच्या घामातल्या मिठाने पत्र्यावर अक्षरशः ठसा उमटतो, महिन्याभराने तपकिरी होऊन दिसतो. म्हणून बंदी नाही, फक्त नंतर प्रत्येक डबा मऊ सुती कापडाने पुसून मगच आत. मळ काढायलाही कोरडा मऊ ब्रश पुरे. पाणी, रॉकेल, ब्रासो, काच पुसायचा फवारा, काहीही छपाईवर लावू नका.

चाकं अडकतात ती बहुधा गोंदासारख्या झालेल्या जुन्या तेलामुळे. शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकाने फक्त आसांच्या टोकांना, थेंबही नको, थेंबाचा अंश. दोन-तीन दिवस मुरू द्या, चाक हाताने हळू हलवून बघा, मगच चावी द्या. ठेवताना स्प्रिंग सैल करून ठेवा. पण चाकं ओतीव असतील, आणि त्यांना भेगा पडून ती फुगलेली दिसली, तर तेलाने काही होणार नाही. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली की वर्षांनी तो आतून फुटत जातो, आणि दमट हवा त्याला हात देते. शेजारच्या गाडीला ते लागतं ही निव्वळ अफवा. ओ गेजच्या हॉर्नबीसाठी बदलीची चाकं इंग्लंडहून मागवता येतात. जुनी काढलीत तर पिशवीत घालून गाडीसोबत ठेवा.

किमतीबद्दल सगळे विचारतात. युद्धानंतरच्या चावीच्या गाड्या ढिगाने निघाल्या, त्यामुळे 1950 च्या दशकातली सुटी गाडी म्हणजे फार मोठं घबाड नव्हे. मूळ रंग, मूळ खोका, मूळ चावी आणि पूर्ण संच असला की भाव चढतो. नेमकं तेच आपल्या घरांत मोडतं, वाटणीत. एका भावाकडे इंजिन, बहिणीकडे डबे, चावी कुणाच्या तरी शिलाईच्या डब्यात. तुम्ही भावंडं असाल तर गाडी एकाकडेच अख्खी ठेवा आणि बाकीच्यांना दुसरं काही द्या. भांडण होईलच, पण संच फुटणार नाही.

संग्रह वाढवायचा तर किनाऱ्यावरच्या पर्यटकी बाजारांत ‘अँटिक’ म्हणून मिळणाऱ्या पत्र्याच्या गाड्यांवर पैसे घालण्याआधी आतल्या बाजूला पाहा. बाहेर गंज आणि आत पत्रा कोरा चकचकीत असेल तर गंज विकत घेतलेला आहे. नातेवाइकांच्या माळ्यांवर शोधणं जास्त फळतं. आणि गाडी शंभर वर्षांपुढची निघाली आणि परदेशी गिऱ्हाईक भेटलं, तर 1972 चा पुरावशेष कायदा आड येऊ शकतो. पार्सल करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला मिळतो का ते विचारून घ्या.